काय दिसलं?

पहाटे ५.१५

रात्री पाऊस झाला असेल तर अर्धा तास आधी निघावं लागतं, कारण बास्केटबॉल कोर्टावरचं पाणी काढायला दुसरं कुणी नाही. सिमेंटचा कोबा आहे आणि त्याचा उतार जिकडं असायला हवा त्याच्या नेमका उलट. पाणी फ्री-थ्रोच्या रेषेपाशी येऊन साचतं. दोन वायपर, एक गोणपाट आणि लवकर येणारी चार लेकरं एवढ्यावर वीस मिनिटांत कोरडं होतं. कोरडं म्हणजे घसरून कुणी पडणार नाही इतपत.

येलदरी हे धरणाचं गाव. जिंतूर तालुका, पूर्णा नदी, पलीकडं हिंगोली जिल्हा. साठच्या दशकात बांधलेल्या या धरणाला दहा दरवाजे आहेत, पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचं वीजघर आहे, आणि तिथून सुटलेलं पाणी पुढं सिद्धेश्वर धरणात जातं. बाहेरगावी कुठं येलदरीचं नाव काढलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "पाणी किती टक्के?" बास्केटबॉलचं कुणी विचारत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. महाराष्ट्रात हा खेळ वाढला तो मुंबईच्या नागपाड्यात, नागपुरात, पुण्यात. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर नागपाड्याच्या मैदानातून आले. आमच्याकडं ज्या पोरात खेळाची अक्कल दिसते ते खो-खोत किंवा कबड्डीत जातं, आणि उंच असून काहीच येत नाही असं पोर माझ्याकडं पाठवलं जातं. ही वहिवाट मी मोडली आहे. उंची नको, खो-खोतली लेकरं द्या, असं मी सरळ मागतो. ती का, ते पुढं येईलच.

५.५०

पोरं-पोरी येऊ लागतात. मुलांचा आणि मुलींचा संघ वेगळा, सराव मात्र एकत्र. दोन्ही मिळून अठरा-वीस डोकी होतात, वेगळं करून भागणार नाही. मी त्यांना बनियनच्या नंबरानं हाक मारतो आणि आता तीही एकमेकांना तशीच हाक मारतात: चार, सात, नऊ, अकरा. आंतरराष्ट्रीय नियमांत पूर्वी ४ ते १५ एवढेच नंबर असत, कारण पंच एक, दोन, तीन गुण बोटांनी दाखवतो, त्यात घोटाळा नको. २०१४ मध्ये तो नियम सैल झाला, पण आमच्या बनियनी त्याच पठडीतल्या आहेत.

रिंगला जाळी अडकवायला बारा जागा असतात. बाजारातली जाळी एका उन्हाळ्यात विरते, म्हणून धरणात मासेमारी करणाऱ्या एका पालकानं आम्हाला जाळी विणून दिली आहे. चांगली दणकट आहे, फक्त तिची भोकं मोठी. बॉल अडत नाही, सुळकन खाली येतो. मग पाठीमागून बघणाऱ्याला तो आतून आला की बाहेरून, हे कळत नाही आणि रोज त्यावर एक भांडण होतं.

६.१०

मी राऊंड मारायला लावत नाही. जी लेकरं तीन-चार किलोमीटर सायकल मारून आली आहेत त्यांना मैदानाला पाच चकरा मारायला लावून मला काय सिद्ध करायचंय? अंग मोकळं करायचं ते बॉल हातात घेऊनच. दोन्ही पायांवर एकदम थांबणं, एका पायावर फिरणं, बॉल झेलतानाच रिंगकडं तोंड करणं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आणि फार नावडतं. नवं पोर बॉल मिळाला की आधी एकदा आपटतं. का आपटलास, असं विचारलं तर त्यालाही माहीत नसतं. हात रिकामा राहिला की चैन पडत नाही. तो एक टप्पा खाल्ला की त्या अर्ध्या सेकंदात समोरचा बचाव जागेवर येऊन उभा राहतो. बघायचं जे होतं ते निघून गेलं.

६.२५

आता खरं काम.

शाळांच्या स्पर्धांत बहुतेक संघ ठरवलेल्या चाली घेऊन येतात. प्रशिक्षक बाहेरून "दोन!" असं ओरडतो आणि पोरं पाठ केलेल्या रस्त्यानं पळतात: हा इथून तिथं, तो तिथून इथं, मग स्क्रीन, मग पास. चौदा वर्षांखालच्या गटात याच्यावर सामने जिंकता येतात, हे मी नाकारत नाही. पण पुढच्या वर्षी त्याच पोरांना शहाणा बचाव भेटतो, तिसराच पास तुटतो, आणि मग पाचही जण मैदानाबाहेर बघतात. सरांकडं. पाठ केलेलं संपलं की पोर थिजतं.

मी जे शिकवतो त्यात चाल नाही, नियम आहेत, आणि तेही थोडेच. पाच जण तीन गुणांच्या रेषेबाहेर पसरायचे: एक वर मधोमध, दोन विंगला, दोन कॉर्नरला. एकमेकांत चार-साडेचार मीटर अंतर. पास दिला की उभं राहायचं नाही, रिंगकडं कट मारायचा. कट मारणाऱ्याची जागा रिकामी होते, ती शेजारच्यानं भरायची. इथवर पाठांतर. यापुढं प्रत्येक पाऊल समोरच्या बचावावरून ठरतं. तुझा मॅन, म्हणजे तुला धरणारा समोरचा खेळाडू, तीनच्या रेषेच्या आत असेल तर बाहेर ये, बॉल घे. तो रेषा ओलांडून पासच्या वाटेत हात घालायला आला असेल, तर त्याच्या पाठीमागून रिंगकडं जा. ज्याच्याकडं बॉल आहे तो टप्पे देत तुझ्याच अंगावर येत असेल तर तुझी जागा गेली, मागच्या दारानं नीघ. तो उजवीकडून आत घुसला तर सगळ्यांनी उजवीकडं एक-एक जागा सरकायचं, डावीकडून घुसला तर डावीकडं.

हे माझं डोकं नव्हे. बॉबी नाइट यांनी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या संघाला अशाच मोशन पद्धतीनं खेळवलं. १९७५-७६ च्या हंगामात तो संघ ३२ सामने खेळला आणि एकही हरला नाही. त्यानंतर आजवर तिथल्या पुरुषांच्या सर्वोच्च विद्यापीठ स्पर्धेत कुणी अपराजित विजेता झालेला नाही. गंमत अशी की हेच नाइट १९८५ मध्ये रागाच्या भरात मैदानात खुर्ची भिरकावण्याबद्दल जगभर माहीत झाले. खेळाडूंनी स्वतः बघून ठरवावं अशी पद्धत, आणि ती शिकवणारा माणूस असा तापट. अलीकडं रिक टॉर्बेट यांनी हे सगळं थराथरांनी शिकवता येईल असं मांडलं, आणि माझ्यासारख्या एकट्या मास्तराला ते सोयीचं पडलं.

पण नियम फळ्यावर लिहून काही होत नाही. म्हणून तीन विरुद्ध तीन, अर्ध्या कोर्टावर, टप्पा मारायला बंदी. बॅकडोर, म्हणजे पाठीमागून मारलेल्या कटवर झालेल्या बास्केटला दोनाऐवजी चार गुण. एवढं केलं की मला फारसं बोलावं लागत नाही. गुणांच्या लोभानं लेकरं आपोआप समोरच्याच्या पायांकडं बघू लागतात.

आज सकाळी अकरा नंबर उजव्या विंगला. त्याचा मॅन पुढं येऊन पासच्या वाटेत हात घालून उभा. अकरा नंबर बॉलसाठी हात पसरून आणखी बाहेर सरकला, आणखी बाहेर, पार साइडलाइनपर्यंत. पास आला, तुटला, समोरचे पळत गेले. मी खेळ थांबवला आणि विचारलं, "काय दिसलं?"

"सर, मी ओपन व्हायलो होतो."

"तू काय करत होतास ते नाही विचारलं. काय दिसलं?"

बराच वेळ गप्प. मग, "त्याचा पाय."

"कुठं होता?"

"रेषेच्या भाईर."

"मग?"

तो हसला. पुढचं सांगायची गरज नव्हती आणि मी सांगितलंही नाही. माझ्या सरावात विचारायचा प्रश्न हा एकच आहे. 'असं का केलंस?' असं विचारलं की पोर बचाव करतं, खोटं बोलतं किंवा मान खाली घालतं. शाळेनं त्याला तेच शिकवलंय. 'काय दिसलं?' या प्रश्नाला चुकीचं उत्तरच नसतं. काही दिसलं नाही, हेही उत्तर आहे, आणि बऱ्याचदा तेच खरं असतं.

यात सगळ्यांत पुढं सात नंबर आहे. ती दोन वर्षं खो-खो खेळली. खो-खोत पळणाऱ्याला कायम बघावंच लागतं: मागं लागलेल्याचा खांदा कुठं वळला, बसलेल्यांतला कोण उठायच्या तयारीत आहे, खो खरा मिळणार की हुलकावणी आहे. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते तिला सांगावं लागत नाही. बास्केटबॉलचा टप्पा तिला अजून नीट येत नाही, डाव्या हातानं तर नाहीच. पण कट मारायला ती कधीही उशीर करत नाही. टप्पा सहा महिन्यांत शिकवता येतो. सातच्या डोळ्यांत जे आहे ते शिकवायला मला किती वर्षं लागतील, सांगता येत नाही. खो-खोतली लेकरं मागतो ती यासाठी.

७.४५

सोडलं. घरी जाऊन आंघोळ, ज्वारीची भाकरी, कालचं पिठलं. गल्लीत सगळीकडं एकच विषय, काल धरणाचे दरवाजे उघडले. वरून खडकपूर्णाचं पाणी आलं की इथं दरवाजे उघडावे लागतात, आणि दरवाजे उघडले की पंचक्रोशी बघायला लोटते. आज शाळेत हजेरी कमी राहणार.

९.५०

परिपाठ. आता गळ्यात शिट्टी आणि अंगात दुसराच माणूस.

"सावधान! विश्राम! सावधान! एक साथ, एक-दोन-तीन-चार!" चारशेच्या आसपास लेकरं एका आवाजावर हात वर करतात, एका आवाजावर खाली. एखाद्यानं आधी उचलला तर सगळे हसतात. कवायत नीट झाली की मुख्याध्यापक खूश, पाहुणे खूश, आणि पंधरा ऑगस्टला मी स्वतःही खूश असतो. ओळ सरळ दिसली की छाती फुगतेच. तीन तासांपूर्वी ज्या अकरा नंबरला मी सांगत होतो की माझ्याकडं बघू नको, तोच आता तिसऱ्या रांगेत उभा आहे आणि माझ्या हाताकडं टक लावून बघतोय. दोन्ही माझंच शिकवणं. पगार मला याच कामाचा मिळतो.

१०.३० ते १.३०

दोन तास शारीरिक शिक्षणाचे, एक ऑफ तास म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर, उरलेला वेळ कागदांना. स्पर्धेच्या प्रवेशिका ऑनलाइन भरायच्या, जन्मतारखेचे दाखले, आधार, फोटो. सतरा वर्षांखालच्या गटात एका मुलाच्या दाखल्यावर एक तारीख आणि आधारवर दुसरी. हे दर वर्षी असतं. त्याबद्दल लिहायला बसलो तर दिवस इथंच संपेल.

१.४०

मधली सुट्टी. खिचडी खाऊन झाली की संघातली सहा-सात जण खेळाच्या खोलीत येतात. खोली म्हणजे जुनी गाद्यांची अडगळ. मोबाइलवर एकच क्लिप दाखवायची, दोन मिनिटांची, त्याहून जास्त नाही.

आजची क्लिप १९९६ ची. प्रिन्स्टन विद्यापीठ विरुद्ध यूसीएलए. यूसीएलए त्याआधीच्या वर्षीचे विजेते, उंच, वेगवान, उड्या मारणारे. प्रिन्स्टनचे प्रशिक्षक पीट कॅरिल, विस्कटलेल्या पांढऱ्या केसांचा बुटका माणूस. त्यांची पोरं बघायला अगदीच साधी, अभ्यासातली वाटणारी. गुणफलक ४१-४१, शेवटची काही सेकंदं. स्टीव्ह गुडरिच बॉल धरून उभा आहे, गेब लेवुलिस बॉल घ्यायला यावं तसा येतो, त्याचा मॅन ते अडवायला पुढं सरकतो, आणि लेवुलिस त्याच्या पाठीमागून सरळ रिंगखाली. एक टप्पा पास, बोर्डवर लेअप. ४३-४१. घड्याळात ३.९ सेकंद बाकी.

पोरांनी तीनदा बघितलं.

"सर, ह्ये तर आपलंच हाय!" चार नंबर म्हणाला.

"उडीबी मारली नाही नीट," नऊ नंबर. त्याला हे फार आवडलं. त्याची उंची बेताची आहे आणि रोज कुणी ना कुणी त्याला ती ऐकवतं.

सात नंबर म्हणाली, "मुलींचं दाखवा की." बरोबर होतं. २०१७ मध्ये बंगळूरला भारताच्या मुलींनी महिला आशिया कपच्या ब विभागाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं, त्या संघात पुण्याच्या शिरीन लिमये होत्या. हे मी सांगितलं. पण मला तिला विजय दाखवायचा नव्हता, बघणं दाखवायचं होतं, आणि नेमकी अशी एखादी चाल काढायला आधी बसून पूर्ण सामना बघावा लागेल. उद्या, म्हणालो. तिनं "सर, उद्याच बरं का" असं बजावून सांगितलं.

३.१०

अकरा नंबरचे वडील आले. पायात शेतातला चिखल, हातात पिशवी. खुर्ची दिली तरी दारातच उभे राहिले.

"सर, आठ-दहा दिवसांत सोयाबीन सोंगायला येतंय. पोरगं सकाळी तुमच्याकडं, दिवसभर साळंत, संध्याकाळी पुन्हा तुमच्याकडं. आम्हाला कवा?"

मी स्पर्धेची तारीख सांगितली. दहावीला खेळाच्या वाढीव गुणांचंही सांगितलं, कारण घरात हीच भाषा चालते.

"गुण मिळतेत ते बरं हाय. पर ह्यात नेमकं करायचं काय असतंय? परवा म्या बघायलो हुतो, तर ते निस्तं पळायलं. बॉल तर त्याच्याकडं येतच न्हवता."

याहून नेमका प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही. पाच जणांत बॉल एकाकडं. बाकीच्या चौघांनी सगळा वेळ बॉलशिवाय खेळायचं असतं, आणि सामना तिथंच ठरतो. मी त्यांना टेबलावरचे खडू मांडून दाखवलं: हा तुमचा मुलगा, हा त्याच्या मागचा. हा इकडून पळाला की हा त्याच्यामागं गेला, म्हणजे इथली जागा मोकळी झाली. आता तिसऱ्यानं बास्केट केली. कागदावर तुमच्या पोराचं नाव येणार नाही, पण ही बास्केट त्यानं केली.

ते खडूकडं बघत राहिले. "म्हंजी बैलजोडीतला आतल्या बाजूचा," एवढंच बोलले. मग ठरलं: सोंगणीच्या आठवड्यात संध्याकाळी येणार नाही, सकाळी येईल. मी लगेच होकार दिला. सकाळचा सराव जास्त महत्त्वाचा, हे त्यांना सांगितलं नाही.

५.१५

संध्याकाळी पाच विरुद्ध पाच, आणि समोर माजी विद्यार्थी. कुणी जिंतूरला कॉलेजात आहे, कुणी दुकानात, एक पोलीस भरतीची तयारी करतोय. दांडगे आहेत आणि धक्का देतात. माझ्या लेकरांना तेच हवं.

पहिली पंधरा मिनिटं त्यांना मी झोन लावायला सांगतो, दोन पुढं, तीन मागं. कारण स्पर्धेत आम्हाला मुख्यतः तेच भेटणार. शाळांच्या सामन्यांत बाहेरून कुणाचा नेम बसत नाही, म्हणून सगळे आत गर्दी करून उभे राहतात. आणि झोन आला की सकाळचे माझे निम्मे नियम लंगडे पडतात. कुणाचा 'मॅन'च नाही, तर त्याचा पाय रेषेच्या आत की बाहेर हे बघून काय करणार? बॅकडोर मारला तर मागं तिघं उभेच आहेत.

यावर मोशनवाले लोक नाना उपाय सांगतात. मला पटलेला एकच: माणसाऐवजी फट वाच. दोघांच्या बरोबर मधे उभं राहायचं, म्हणजे तुला कुणी धरायचं यावर त्यांच्यात घोळ होतो. बॉल मिळाला की त्याच फटीत एक टप्पा घुसायचा. दोघंही तुझ्यावर येतात, म्हणजे पलीकडं कुणीतरी मोकळं झालं. शॉट मारायचा नाही, त्या मोकळ्याला शोधायचं. सकाळचाच प्रश्न, वेगळ्या जागी. चार नंबरला हे जमू लागलंय. नऊ नंबर फटीत उभा राहतो, पण बॉल आला की घाबरून लगेच परत बाहेर देतो.

मग झोन काढला, माणसाला माणूस. आता शिट्टीही माझ्याकडं नाही. पायाला लचक भरलेली बारा नंबर आठ दिवस खेळणार नाही. शिट्टी तिच्या गळ्यात, आणि चोवीस सेकंद तिनंच मोजायचे, मोठ्यानं, कारण आमच्याकडं शॉट-क्लॉक नाही. मी बोर्डाच्या खांबाला पाठ लावून, हात बांधून उभा. दहा मिनिटं तोंडातून शब्द काढायचा नाही, असं मी स्वतःला घालून घेतलंय. सगळ्या दिवसातली ही सगळ्यांत अवघड दहा मिनिटं. पोर समोर चुकीच्या बाजूला वळायला लागलेलं असतं, घशापर्यंत हाक आलेली असते. ती बाहेर पडली तर ते वळतं आणि बास्केटही होते, फक्त पुढच्या वेळी ते माझ्या आवाजाची वाट बघतं.

एक डाव सांगतो. चार नंबर वर, बॉल त्याच्याकडं. उजव्या विंगला अकरा, त्याचा मॅन हात घालून पुढं, पाय रेषेच्या बाहेर. अकरा नंबर यावेळी बाहेर सरकला नाही. एक पाऊल बॉलकडं टाकलं आणि पाठीमागून सुटला. चार नंबरनं पास द्यायला हात उचलला, तेवढ्यात पलीकडच्या बाजूचा पोलीस भरतीवाला मदतीला आत आलेला दिसला, आणि चारनं पास रोखून धरला. नुसतं एवढं, न दिलेला पास, यासाठी गेले दोन महिने चाललेत. अकरा रिंगखालून डाव्या कॉर्नरला निघून गेला. उजव्या कॉर्नरचा नऊ नंबर रिकाम्या विंगला भरला. त्याचा मॅन अकराकडं बघत राहिला होता, तो उशिरा धावत आला. नऊला बॉल मिळाला. समोरून माणूस हात वर करून पळत येतोय, म्हणजे तो थांबू शकणार नाही. नऊनं नुसते डोळे वर केले, समोरचा उडाला, नऊ त्याच्या काखेखालून बेसलाइननं आत. मदतीला दोघं आले. "अठरा, एकोणीस," बारा नंबर मोजतेय. नऊ हवेत असतानाच बॉल दोघांमधून पलीकडच्या कॉर्नरला. तिथं अकरा उभा. मोकळा, पाय रोवलेले, शांत.

शॉट मारला. बॉल रिंगच्या मागच्या कडेला लागून बाहेर आला.

माजी विद्यार्थ्यांनी टाळ्या पिटल्या, "एवढं करून चुकलाच की!" अकरा नंबरनं माझ्याकडं बघितलं. मी खांबालाच टेकून होतो. मग त्याच्या लक्षात आलं की समोरचे बॉल घेऊन पळालेत, आणि तो मागं धावला.

दिवसभरातला सगळ्यांत चांगला डाव हाच होता. शॉट चुकणं ही हाताची गोष्ट, त्यासाठी सकाळी शंभर शॉट मारता येतात. त्या चोवीस सेकंदांत पाच जणांनी पाच वेगळे निर्णय घेतले आणि त्यांतला एकही मी सांगितलेला नव्हता.

६.४०

उजेड गेला. कोर्टावर एक हॅलोजन आहे, पण वीज नाही. साडेबावीस मेगावॅटच्या वीजघराच्या शेजारी राहून आम्ही मोबाइलच्या टॉर्चमध्ये बॉल मोजतो. सहा होते, पाच सापडले. सहावा गवतात निघाला.

जाताना माजी विद्यार्थ्यांतला एक म्हणाला, "सर, आमच्या वेळी तुम्ही लई वरडायचे. आता का नाही?" मी म्हटलं, घसा बसतो. त्याला तेवढं पुरलं.

रात्री ८.४५

जेवण झालं की वही. या वहीत बास्केटचा हिशेब नाही. तो बारा नंबरकडं असतो. प्रत्येकाच्या नंबरापुढं दोन रकाने: बघून केलं, न बघता केलं. बघून केलेलं चुकलं तरी पहिल्याच रकान्यात. न बघता केलेलं जमलं तरी दुसऱ्या. चार नंबरपुढं आज मी 'न दिलेला पास' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. नऊपुढं झोनमधली भीती. सातपुढं डावा हात, आणि उद्याची क्लिप. ती अजून शोधायची आहे, नाहीतर मधल्या सुट्टीत माझी खैर नाही.

उद्याच्या सकाळसाठी: दोन विरुद्ध दोन, बचाव करणाऱ्याला एक पाऊल उशिरा सोडायचं. स्क्रीनही काढायची आहे, पण घाई नको. स्क्रीनमध्ये वाचायच्या तीन गोष्टी एकदम येतात: मॅन मागं लागला तर वळून आत जायचं, तो खालून गेला तर बाहेर थांबायचं, तो आधीच वाटेत येऊन उभा असेल तर उलट रिंगकडं. सकाळची गोष्ट अजून अंगात मुरलेली नाही. त्यावर हे चढवलं तर पुन्हा सगळी माझ्याकडं बघायला लागतील.

दहाच्या सुमारास फोन वाजला. अकरा नंबरचा आवाजी निरोप, मागं कुत्रं भुंकतंय आणि आई ओरडतेय.

"सर, एक इचारायचं होतं. त्याचा पाय नेमका रेषेवरच असला, भाईरबी न्हाई अन् आतबी न्हाई, तर काय करायचं?"

मी उत्तर टाइप केलं, अर्धं झाल्यावर खोडलं, आणि लिहिलं: "सकाळी तू बचावाला उभा राहा. पाय रेषेवर ठेव. सातला कट मारू दे. मग तूच सांग."

दोन निळ्या खुणा आल्या. मग एक अंगठा.